चादरीखालचा सौदा

मामा, तुमचा शेवटचा सौदा माझ्याशी झाला आणि तो दवाखान्याच्या चादरीखाली झाला. तुम्हाला जाऊन अजून पंधरवडाही उलटला नाही आणि मला शांत झोप लागते, हे आधीच सांगून टाकते. मामाच्या मागे भाचीने अशी सुरुवात करू नये, मला कळतं. पण रडू आलं तेव्हा मी पोटभर रडून घेतलं. त्यानंतर जे वाटलं ते छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं, आणि ते अजून तसंच आहे.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तुम्ही बैलबाजारातले दलाल. हाळीचा बाजार असो की माळेगावची जत्रा, विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे तुम्ही. हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटांनी भाव करायचा. जितकी बोटं धरली तितका आकडा. हात झटकला की नामंजूर. अंगठ्यावर अंगठा दाबला की सौदा पक्का. भोवती कितीही माणसं उभी असली तरी आत काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागत नाही. तोंडानं तर तुमचं भलतंच चालू असायचं. कुणाची सोयरीक जमली, कुणाच्या म्हशीला काय झालं, लातूरला जायची गाडी हल्ली किती उशिरा येती.

मी नांदेडला एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. आईचं घर धरा की बापाचं, दोन्हीकडे पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. बाजारात तुम्हीही सांगायचात, फक्त तुमच्या पद्धतीनं. "ही माझी भाची. ग्रॅज्वेट हाय. हिला विंग्रजीत बैल लिहिता येतंय." समोरचे लोक माझ्याकडे असे बघायचे जशी मी आत्ताच्या आत्ता बैल लिहून दाखवणार आहे.

तर कॉमर्स शिकवणारीचं आणि रुमालवाल्याचं भांडण होणारच होतं. माझं म्हणणं साधं होतं. भाव उघडा पाहिजे. शेजारच्याचा बैल कितीला गेला हे कळल्याशिवाय आपला कितीला द्यावा हे माणसाला कसं कळणार?

"मामा, झाकायचंच कशाला? फळा लावा, त्यावर लिहा."

"तुझ्या पुस्तकात रुमाल हाय का?"

"नाही."

"मग अर्धंच पुस्तक हाय ते."

मग तुम्ही समजावायला बसायचात. "माणूस हौसेनं बैल इकत न्हाई, माय. घरात कुणी दुखण्याला पडलेलं असतंय, काय तरी अडलेलं असतंय. पडेल भावानं दिला, तर ते उभ्या बाजाराला कळायची काय गरज? दावं सोडताना त्याची मान वर राहिली पाहिजे."

"आणि तुमची दलाली? तीही झाकलेलीच राहते की."

"ती तर राहतीच!" म्हणून तुम्ही इतकं मोकळं हसायचात की पुढचं भांडण जागच्या जागी थिजायचं. अर्धा आरोप कबूल करून सगळा खटला मोडून काढायची तुमची ही खोड मला कधीच जमली नाही.

एकदा मी जास्तच लावून धरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "लई बोलू नको. तुझी डिग्री पन रुमालाखालीच झालीया."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बारावीनंतर बाबा म्हणाले होते, आता बास. तुम्ही शिरूर अनंतपाळकडच्या गावाहून आलात, बाबांना घेऊन अंगणात बसलात आणि खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकलात. मी दारातून बघत होते. मला वाटलं, बैलाचं चाललंय. बाबांनी एक बोट धरलं होतं म्हणे, एक वर्ष शिकू दे. तुम्ही झटकलं. दोन. तेही झटकलं. तीन बोटांवर अंगठा दाबला गेला, रुमाल उचलला, आणि बाबा घरात येऊन मोठ्यानं म्हणाले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, पोरीला शिकवायचं." बाबा ते वाक्य आजही चारचौघांत सांगतात. आता तर त्यांचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास बसलाय.

पण माझं मत बदललं नाही, मामा. एका रुमालाखाली माझं भलं झालं म्हणून सगळे रुमाल भले होत नाहीत. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं आणि तुम्ही शेजारी बसलेल्या युसूफभाईंना कोपर मारून म्हणाला होतात, "बघ, पैशानं इकत घेतलेली डिग्री न्हाई ही. खरी हाय."

युसूफभाई तुमचे बाजारातले जोडीदार. आयुष्यभर एकमेकांविरुद्ध बोली लावली आणि दुपारची भाकरी एका फडक्यावर खाल्ली. ते पुढे येतीलच.

तुमच्यातली एक विसंगती मला कधी उलगडली नाही. या कानाचं त्या कानाला कळू नये असा धंदा करणारे तुम्ही, पण नवीन यंत्र दिसलं की लहान पोरासारखे व्हायचात. अहमदपूरच्या बसस्टँडवर कुणी डोक्यावर पंखा बसवलेली टोपी विकत असला की पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. मोबाईल आला तेव्हा बैलांचे फोटो काढून पाठवायला लागलात. त्यात चेहरा उजळ करायचं बटण तुम्हाला सापडलं, आणि उदगीरच्या पलीकडून, कर्नाटकातून आलेला एक माणूस गोठ्यात उभा राहून विचारत बसला की फोटोतला तो गोरापान बैल कुठे बांधलाय.

पण घड्याळाची गोष्ट त्याहून भारी. तुम्हाला चालताना दम लागायला लागला म्हणून मी तुम्हाला मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. म्हटलं, रोज किती चालता ते कळेल. पुढच्या बाजारात ते घड्याळ एका देवणी बैलाच्या पायाला. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत होतात, "बघा, सकाळपासून किती चालला. यंत्र खोटं बोलत न्हाई." आणि त्या गिऱ्हाइकानं बैलाचे दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत, खांदा चाचपला नाही. घड्याळ बघितलं आणि खूश झाला.

मी तुमच्यावर चिडले. तुम्ही मात्र विचारात पडला होतात. परतीच्या वाटेवर म्हणालात, "काचंवर आकडा आला की माणूस बैलाकडं बघतच न्हाई गं. हे लई अवघड व्हायलंय." मग थोडं चालून, "पन घड्याळ झकास हाय."

लातूरच्या दवाखान्यात नेमकं तेच झालं.

तुम्हाला श्वास पुरेना म्हणून आणलं आणि घशात नळी घातली. तुमचं बोलणं बंद झालं. उशाशी पडदा, त्यावर हिरवे-पिवळे आकडे. भेटायला जो येई तो आधी पडद्याकडे बघे. ज्यांना आयुष्यात कधी ताप मोजता आला नाही ते ऑक्सिजनवर मत देऊ लागले. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फोटो पडायचा, तुमचा नाही, पडद्याचा. खाली सगळे हात जोडायचे. "आज आकडा छान आहे." तुम्ही कसे आहात हे विचारायची गरजच कुणाला उरली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सरळ बोलल्या. म्हणाल्या, नळी ठेवली तर बरेच दिवस काढतील, पण उठून बसतील असं मला वाटत नाही. नळी काढली तर किती वेळ मिळेल ते सांगता येत नाही. घरच्यांनी ठरवा.

घरच्यांनी म्हणजे कुणी? मामी बाहेर बाकावर पदर आवळून बसलेल्या, कुणी काही विचारलं नाही आणि त्या काही बोलल्या नाहीत. तुमचा मुलगा बसवराज, आपला बसू, पुण्यात, रजेसाठी धावाधाव करत होता. फोनवर त्याचं एकच, "काय लागेल ते करा, पण काही काढायचं नाही." मग जवळ जी होती ती मी.

दुपारच्या भेटीच्या वेळेला मी आत आले. तुमचा हात गार पडलाय का बघावं म्हणून चादरीखाली हात घातला आणि तुम्ही माझी बोटं पकडलीत.

मला आधी वाटलं, नुसतंच पकडलंय. पण ती पकड मला ओळखीची होती. तुम्हीच शिकवली होती, भांडता भांडता. मी कानाशी वाकून विचारलं, "मामा, इथंच राहायचं?" हात झटकला. "घरी जायचं?" अंगठ्यावर अंगठा दाबलात, असा की माझं नख पांढरं पडलं.

मी काय करावं मामा? मी भाव केला. दुसरं मला सुचलंच नाही. म्हटलं, थोडे दिवस बघू, आणि तुमची चार बोटं धरली. झटकलीत. तीन धरली. झटकलीत. वर नळीचा फुसफुस आवाज, पडद्यावर आकडे नाचतायत, नर्सबाई सलाईन बघतायत, आणि खाली आपला बाजार भरलेला. मग तुम्ही स्वतःहून माझं एकच बोट धरलंत. "एक दिवस? बसू येईपर्यंत?" अंगठा दाबलात. सौदा पक्का.

बाहेर येऊन मी बसूला फोन लावला.

"ताई, ते आपोआप होतं. हात आखडतो. मी वाचलंय."

"आखडलेला हात भाव तोडत नसतो, बसू."

"तू कॉमर्सची आहेस. डॉक्टर नाहीस." मग त्याचा आवाज फुटला. "उद्या लोक काय म्हणतील? पुण्यात बसून बापाची नळी काढायला लावली. मला गावात तोंड दाखवता येईल का?"

त्याचं चूक नव्हतं. माझ्या मनातही तेच होतं. मला हवं ते तर मी ऐकलं नाही ना? दवाखान्याचा कंटाळा मला आला आणि घरी जायचं मी तुमच्या बोटांवर ढकललं, असं तर नाही? तेवढी एक गोष्ट चुकली असती, तर पुढचं सगळं आयुष्य मी स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

म्हणून युसूफभाईंना बोलावलं. त्यांना काहीच सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की आत जा, हात धरा, विचारा. खांद्यावरचा चौकटीचा रुमाल सावरत ते आत गेले. काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी चादरीवर आपला रुमाल टाकला. नर्सबाई काहीतरी बोलायला पुढे आल्या आणि थांबल्या.

बाहेर आले ते डोळे पुसत आणि हसत. "क्या आदमी है रे! गले में नळी, और सौदा चालू! मैं बोला, अप्पा, आठ दिन रुक जा, दवा-पानी होने दे. झटक दिया. मैं बोला, चार. झटक दिया. एकच बोट धरा मेरा. मेरेकू भी एक पैसा नै छोडा!"

"कशासाठी एक?"

"मैं पूछा, बेटे के वास्ते? अंगठा दबाया. फिर घर? फिर दबाया." मग खाली बसले आणि म्हणाले, "बाई, तू मत डर. ये रिवाज में झूठ नै चलता. तोंडानं कुछ भी बोलो, हात से झूठ नै."

तिथंच, त्या बाकाजवळ, माझा धोंडा पहिल्यांदा हलला.

बसू दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तुमची बोटांची भाषा त्यानं कधी शिकून घेतली नाही, बाजाराचा वास त्याला चालत नसे. आत जाऊन आला तेव्हा चेहरा गोंधळलेला.

"ताई, त्यांनी माझं एक बोट धरून हलवलं. सोडलं आणि हात बाजूला टाकला. मी तर काही विचारलंच नाही. फक्त म्हटलं, मी आलो."

"एक दिवस दिला होता तुझ्यासाठी," मी म्हटलं. "तो संपला म्हणतायत."

तो स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि नळी काढायच्या कागदावर सही करून आला.

घरी आलात तेव्हा श्वास तोकडा होता, पण डोळे लखलखत होते. "बसवा मला," हे पहिले शब्द, पाचोळ्यासारख्या आवाजात. भिंतीला उशा लावून बसवलं. अर्धं गाव जमलं. कुणीतरी विचारलंच, "अप्पा, इतक्या लवकर कसं सोडलं?" बसूनं मान खाली घातली. आणि तुम्ही, मामा, एकेक शब्द तोडत म्हणालात, "डाक्टरच म्हणले... तुमी बरे झालात... जावा आता. पोरानं... लई केलं माझं."

मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. चांगला दलाल असल्या वेळी कुणाकडे बघत नसतो. बसूची मान हळूहळू वर आली. ती मी पाहिली. बाजारात तुम्ही म्हणायचात ती मान हीच, हे मला तेव्हा दिसलं.

तो पूर्ण दिवस तुम्हाला मिळाला आणि दुसऱ्या दिवसाची दुपारही. गोठ्यातला बैल आणून अंगणात बांधायला लावलात. बसूला त्याचा खांदा चाचपायला लावलात आणि "शिकला असतास तर बरा झाला असतास" असा टोमणाही मारलात. तो हसला. किती वर्षांनी तुम्ही दोघं एका गोष्टीवर हसलात, मला आठवत नाही. मामी चमच्यानं पेज पाजत होत्या. वाटी ठेवायला वळल्या, तेवढ्यात तुम्ही गेलात. आपल्या लिंगायतांत बसवून समाधी देतात. तुम्हाला वेगळं बसवावं लागलं नाही, बसलेलेच होतात. विभूती लावली, बेल वाहिला, आणि तेव्हाही कुणीतरी मोबाईल उंच धरून पुण्याच्या पाहुण्यांना दाखवत होतं. मला राग आला नाही. तुम्हीच तो फोन हातात घेऊन उलटासुलटा बघितला असता आणि विचारलं असतं, याचा चेहरा उजळ करायचं बटण कुठं हाय.

तुमच्यासाठी जे बोलायचं राहिलं ते फार नाही. त्या तीन बोटांसाठी मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात. आता बदलता येत नाही, म्हणून मानते.

आणि तुमचं झाकणं मी मोडलं, त्याबद्दल. हे सगळं मी छापायला देणार नव्हते. तुम्ही पोरासाठी रुमाल टाकून गेलात, तो आपण कशाला उचलायचा, असं मी, भाव उघडा पाहिजे म्हणणारी मीसुद्धा, ठरवून बसले होते. पण भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलू लागला. बिचारे बरे होऊन आले आणि अचानक घात झाला. त्यांना कळलंसुद्धा नसेल. मामी ऐकत होत्या. काल त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं.

"तुला लिहिता येतंय ना? मग लिही."

"काय लिहू, मामी?"

"जे झालं ते. लोक म्हणायलेत, त्यांला कळलं न्हाई. माझ्या मालकाला समदं कळत हुतं. आपल्या हातानं ठरवून आले ते घरी. भिऊन न्हाई गेले."

"पण त्यांनी मुद्दाम झाकलं होतं. बसूसाठी."

"बसूला इचारलंय मी. लिही म्हणला त्यो."

"आणि मामांना काय वाटेल? इतकी वर्षं त्यांनी रुमाल उचलू दिला नाही कुणाला."

मामींनी फुंकणी खाली ठेवली. "त्यो रुमाल इतकी वर्सं धुतला कुणी? मीच ना? मग कधी उचलायचा ते मी सांगते."

म्हणून लिहिलं, मामा. भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांडा.